मार्तंडरावांनी न टाकलेल्या दोन ओळी

मार्तंडराव पहिल्यांदा आमच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा मी त्यांना औषध कंपनीचा माणूस समजले होते. खांद्याला काळी बॅग, खिशाला दोन पेनं, डोक्यावर हेल्मेट तसंच. मी म्हणाले, "डॉक्टर जेवायला गेलेत, बसा."

ते म्हणाले, "मला डॉक्टर नकोत ताई. तुमचं राउटर कुठं ठेवलंय?"

याला बारा वर्षं झाली. मी तिथं औषध निर्माण अधिकारी आहे, म्हणजे औषधांची खोली आणि फ्रीज माझ्या ताब्यात. केंद्र भूम तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर. गावाचं नाव सांगत नाही; सांगून आता कुणाचं काही भलं व्हायचं नाही.

मार्तंडराव तुळजापूरचे. वडील हायस्कुलात क्लार्क होते. यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं आणि मग जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांचं नेटवर्क सांभाळायच्या कंत्राटी कामावर लागले. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाची सुट्टी, पुन्हा अकरा महिने. परंड्यापासून उमरग्यापर्यंत मोटारसायकलवर फिरायचे. आमच्याकडं महिन्यातून एकदा तरी फेरी असायचीच. केंद्रात सगळे त्यांना नेटवाले साहेब म्हणायचे. त्यांना ते आवडायचं नाही, पण कधी बोलून दाखवलं नाही.

गौराबाई आमच्या शिपाई. रोज सकाळी राउटरवरची धूळ पुसायचं काम त्यांचं. एकदा त्यांनी विचारलं, "ह्या डब्यात काय असतंय ओ साहेब? दिवसभर नुसतं मिचमिच करतंय."

दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. मार्तंडराव खुर्ची ओढून बसले.

"गौराबाई, परंड्याहून उमरग्याला एसटीनं पार्सल पाठवायचंय. परंड्याच्या स्टँडवरच्या माणसाला उमरग्यापर्यंतचा सगळा रस्ता पाठ असतो का?"

"न्हाय."

"त्याला एवढंच ठाऊक असतं की उमरग्याचं पार्सल बार्शीच्या गाडीत टाकायचं. बार्शीवाला पत्ता बघतो, तुळजापूरच्या गाडीत टाकतो. तुळजापूरवाला उमरग्याच्या. प्रत्येकाजवळ आपापला तक्ता. हा डबा तेच करतो. तुम्ही मोबाइलवर फोटो पाठवला की त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. हा पत्ता वाचतो, तक्त्यात बघतो आणि पुढच्या दारातून ढकलतो. पुढचा डबा पुन्हा तेच करतो. ढकललं की याचं काम संपलं. पुढं काय झालं ते याला दिसत नाही."

"आन् तक्त्यात नावच न्हाय घावलं तर?"

"तर टाकून देतो."

"अगं बया. आन् पाठवणाऱ्याला वाटतंय, पोचलं."

"व्हय, तसंच होतं कधी कधी," मार्तंडराव म्हणाले आणि हसले. गौराबाईंना मात्र ते पटलं नाही. दोन दिवस त्या मला म्हणत होत्या, सरकारी काम आहे तर टाकून कसं देतंय.

पुढं केंद्रात हृदयाचा आलेख काढायचं मशीन आलं. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की आलेख काढायचा, बटण दाबलं की तो मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडं जायचा आणि दहा मिनिटांत उत्तर यायचं. झटका आहे असं त्यांनी कळवलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथंच द्यायचं. ते इंजेक्शन माझ्या फ्रीजमध्ये असायचं, किल्ली माझ्याकडं. चार वर्षांत आम्ही ते सात जणांना दिलं. सातही जण चालत घरी गेले. त्यातले दोघं अजून बाजारात भेटले की हात जोडतात.

अडचण केबलची होती. आमच्या गावाला येणारी एकच केबल, रस्त्याच्या कडेनं पुरलेली. कुणी पाइपलाइनसाठी चर खणला, कुणी पेट्रोल पंपाचा पाया काढला की ती तुटायची. गावातला मोबाइल टॉवरही त्याच केबलवर, त्यामुळं फोनही बंद. मार्तंडरावांनी दुसऱ्या एका कार्यालयानं मोडीत काढलेली रेडिओची थाळी मिळवली. त्यासाठी चार महिने अर्ज करत होते. शेवटी स्वतः पत्र्यावर चढून ती भूमच्या दिशेनं तोंड करून बसवली. आता केंद्राला दोन वाटा झाल्या, एक जमिनीतून आणि एक हवेतून.

मी म्हणाले, "झालं मग. एक बंद पडली की दुसरी."

"एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं, ताई. बघा, केबल तुटते चौदा किलोमीटरवर. आपला डबा आणि पुढचा खांब यांच्यातली तार शाबूतच असते. त्यामुळं आपला दिवा हिरवा राहतो. डब्याला वाटतं रस्ता चालू आहे. तो ढकलत राहतो, आणि पुढं सगळं खड्ड्यात."

त्यावर त्यांनी उपाय केला होता. राउटरला शिकवून ठेवलं होतं की दर दहा सेकंदांनी धाराशिवच्या मुख्य मशीनला हाक मारायची. तीनदा ओ आली नाही तर दिवा काहीही म्हणो, केबलचा रस्ता तक्त्यातून काढायचा आणि हवेतला धरायचा. सगळ्या मिळून दोन ओळी. मला स्क्रीनवर दाखवल्या होत्या. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून बरं वाटलं.

एकदा पावसाळ्यात आले आणि दारातूनच म्हणाले, "ताई, काल दुपारी दीड तास केबल तुटलेली होती. तुम्हाला कळलं का?"

"नाही बाई. काल तर तीन आलेख गेले."

"कळलं नाही ना?" असं म्हणून ते इतके खूश झाले की गौराबाईंना त्यांनी स्वतः चहा करून दिला. त्या माणसाचं सुख एवढंच होतं. आपण केलेलं काम कुणाच्या लक्षातच आलं नाही पाहिजे.

मग वरून निर्णय झाला. सगळ्या जिल्ह्यांचं नेटवर्क एकाच कंपनीकडं द्यायचं, ती पुण्यात बसून सांभाळणार. गावोगाव माणूस फिरायची गरज नाही. मार्तंडरावांना तीन महिने ठेवलं, तेही फक्त कामाची माहिती सुपूर्द करायला. सोबत पत्र दिलं. यापुढं कोणत्याही उपकरणात बदल करू नये; केल्यास हस्तांतर अपूर्ण धरण्यात येईल व अनुभवाचा दाखला मिळणार नाही. दाखला नसेल तर तेरा वर्षं पाण्यात. वय बेचाळीस, मुलगी अक्षरा बारावीला. पत्नी चारुशीलाताई खासगी शाळेत शिकवायच्या.

त्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी कंपनीनं पुण्यातून सगळ्या राउटरना एकसारखी मांडणी, म्हणजे आतली सेटिंग, पाठवली. जुनं सगळं पुसून नवं. बुधवारी मार्तंडराव आमच्याकडं आले, लॅपटॉप जोडला आणि स्क्रीन वर-खाली करून पुन्हा पुन्हा तपासू लागले.

"काय झालं?"

"माझ्या ओळी काढल्यात. दुसरा रस्ताच नाही तक्त्यात. थाळी चालू आहे, पण डब्याला ती आहे हेच माहीत नाही."

त्यांनी माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला. पलीकडं शंतनू नावाचा इंजिनिअर होता, आवाजावरून पंचविशीतला असावा. फोन स्पीकरवर होता.

"सर, आमच्या ड्रॉइंगमध्ये तुमच्या केंद्राला एकच लिंक आहे."

"अहो, दुसरी पत्र्यावर आहे. मी स्वतः बसवलीय. इथून हृदयाचे आलेख जातात."

"तुम्ही तक्रार नोंदवा ना सर. मी एकट्यानं काही बदलू शकत नाही. मलाही परवानगी लागते."

उद्धट नव्हता तो पोरगा, हे सांगायला पाहिजे. मार्तंडरावांनी तक्रार नोंदवली. दुपारी चारला उत्तर आलं, मांडणी आराखड्याप्रमाणे आहे, तक्रार बंद.

ते पुन्हा लॅपटॉपसमोर बसले. त्यांचा जुना पासवर्ड अजून चालत होता. त्यांनी दोन्ही ओळी टाइप केल्या आणि हात मांडीवर ठेवला.

"ताई, एक बटण दाबायचंय फक्त," ते म्हणाले. "पण कुणी लॉगिन केलं त्याची नोंद राहते."

आणि मी काय म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. मी म्हणाले, "लेखी नको म्हणालेत ना तुम्हाला? मग कशाला हात लावता? दोन महिने राहिलेत, नीट काढा. लेकीचं बारावीचं वर्ष आहे. इतक्या वर्षांत एकदा तरी केबलपायी कुणाचा जीव गेलाय का?"

त्यांनी ओळी पुसल्या. "परवानगी आणतो मी," म्हणाले. त्यानंतर त्यांनी तीन ईमेल पाठवले. उत्तर एकाचंही आलं नाही.

सोळा दिवसांनी, शुक्रवारी, सकाळी साडेदहाला शिवराज नावाचा माणूस आला. ईटकडच्या एका वस्तीवरचा, एकेचाळीस वर्षांचा. स्वतः मोटारसायकल चालवत आला होता, मागं बायको राजनंदिनी. "गॅस झालाय बहुतेक मॅडम, एखादी गोळी द्या," मला म्हणाला. कपाळावरचा घाम बघून मी त्याला सरळ डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर अनिरुद्ध नवे होते, शिक्षण संपवून पहिल्यांदाच खेड्यात आलेले. त्यांनी लगेच आलेख काढला आणि दहा चाळीसला पाठवायचं बटण दाबलं. स्क्रीनवर 'पाठवत आहे' असं आलं आणि गोल फिरायला लागलं.

दहा मिनिटं झाली. डॉक्टर हळू आवाजात मला म्हणाले, "रेष किंचित वर उचललीय असं वाटतंय, पण खात्री देता येत नाही. झटका नसताना इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. उत्तर येऊ द्या."

मी आतल्या खोलीत जाऊन राउटर बघितलं. हिरवा दिवा. बाहेर येऊन म्हणाले, "दिवा चालू आहे डॉक्टर, येईल उत्तर."

ही माझी दुसरी चूक. पहिली वर सांगितलीच.

वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. ॲस्पिरिन दिली होती, ऑक्सिजन लावला होता. डॉक्टरांनी फोन लावून बघितला तर लागेना; पण आमच्याकडं फोन न लागणं रोजचंच. साडेअकराच्या सुमारास गौराबाई पळत आत आल्या. "बाई, गावात कुणाच्याच फोनला रेंज न्हाय. केबल तुटली म्हनत्यात."

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. पन्नास मिनिटं आम्ही कुठंच न जाणाऱ्या आलेखाची वाट बघत बसलो होतो. केंद्राची रुग्णवाहिका सकाळीच बाळंतीण घेऊन धाराशिवला गेली होती, आणि दुसरी बोलवायला फोन नव्हता. बार्शीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गावातली एक जीप मिळाली. तिच्यात मागं शिवराजला झोपवलं, डॉक्टर आणि मी दोन्ही बाजूंना, राजनंदिनी पायाशी. इंजेक्शनचा डबा मी बर्फात घालून सोबत घेतला होता. का घेतला ते मलाही ठाऊक नाही. द्या म्हणणारं कुणी नव्हतं.

बार्शीच्या रस्त्यावर शिवराजनं डोळे उघडले. बायकोला म्हणाला, "गाडी दवाखान्यातच राहिली. किल्ली घेतलीस का?"

"घेतलीय," ती म्हणाली. घेतली नव्हती.

त्यानंतर तो बोलला नाही. डॉक्टर छाती दाबत राहिले. बार्शी आठ-नऊ किलोमीटरवर असताना ते थांबले आणि घड्याळाकडं पाहून वेळ सांगितली.

आम्ही परत आलो तर मार्तंडराव केंद्रात आलेले होते. रस्ता रुंद करणाऱ्या मशीननं दहाच्या सुमारास केबल तोडली, एवढंच त्यांना कळलं होतं. बॅग खाली ठेवत त्यांनी विचारलं, "कुणाचं काही अडलं का?"

मी सांगितलं. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर वेळा विचारल्या. बटण किती वाजता दाबलं, जीप किती वाजता निघाली. मग लॅपटॉप जोडला आणि थाळीच्या वाटेनं भूमला हाक मारून बघितली. स्क्रीनवर एकामागून एक उत्तरं यायला लागली.

"चालू आहे," ते म्हणाले. "आत्ता पण चालू आहे. सकाळी पण चालूच असणार."

गौराबाईंनी पाणी आणून दिलं. त्यांनी ग्लास हातात धरला आणि तसाच धरून बसले.

चौकशी झाली. तीन पानांचा अहवाल, रस्त्याच्या कामामुळे संपर्क खंडित, कुणाचाही हेतुपुरस्सर निष्काळजीपणा नाही. मार्तंडराव स्वतःहून चौकशी अधिकाऱ्यांकडं गेले. सोबत तक्रारीची प्रत, तिन्ही ईमेल आणि एक टाइप केलेला जबाब. दुसरा रस्ता काढल्याचे मला सोळा दिवस आधी माहीत होते. तो परत घालणे मला शक्य होते. मी घातला नाही.

अधिकाऱ्यांनी वाचून कागद परत केला. "तुमच्यावर कुणी आरोप केलाय का?"

"नाही."

"मग कशाला ओढवून घेताय? तुम्ही आदेश पाळलात. घरी जा."

मलाही बोलावलं होतं. मी फक्त वेळा सांगितल्या. दिवा हिरवा होता, तेही सांगितलं. त्या बुधवारी मी मार्तंडरावांना काय म्हणाले होते ते सांगितलं नाही. त्यांनीही त्यांच्या जबाबात माझं नाव घातलं नव्हतं.

दहाव्या-बाराव्याचे विधी झाल्यावर ते मला म्हणाले, "मला शिवराजच्या घरी जायचंय. तुम्ही येता?" मी गेले. राजनंदिनी ओसरीवर बसली होती, सासू आत होती. मार्तंडरावांनी खाली बसून सगळं सांगितलं. केबल, थाळी, ओळी. तिला त्यातलं फार कळत नसावं. ती जमिनीकडं बघत ऐकत होती.

शेवटी तिनं एवढंच विचारलं, "त्या ओळी टाकायला किती टाइम लागला असता?"

"एक मिनिट. तेवढा पण नाही."

"टाकल्या असत्या तर मालक वाचले असते?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. पण आलेख गेला असता."

मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. मार्तंडराव त्याचीच वाट बघत होते असं मला आजही वाटतं. ती उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "तुमी कशाला सांगाया आला? आता रोज तेवढंच डोक्यात फिरंल माझ्या. जावा तुमी."

परत येताना त्यांनी रस्त्यात गाडी थांबवली आणि कडेला उभे राहिले. मी मागं उभी होते. तेव्हा म्हणायला पाहिजे होतं की मीच तुम्हाला अडवलं. ते वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

तीन महिने संपले. अनुभवाचा दाखला मिळाला, कामकाज समाधानकारक असं लिहिलेला. त्यांनी तो कुठंच दाखवला नाही. मी केंद्रातर्फे दोनदा पत्र लिहिलं की दुसरा रस्ता परत घाला. दिवाळीनंतर कंपनीची माणसं आली तेव्हा मला वाटलं त्याचसाठी आलीत. ती पत्र्यावर चढली आणि थाळी काढून घेऊन गेली. आराखड्यात नसलेलं साहित्य, असं पावतीवर लिहून माझी सही घेतली. डॉक्टर अनिरुद्धांनी बदली मागून घेतली. जाताना मला म्हणाले, "मला तो आलेख आता स्पष्ट दिसतो मॅडम. झटकाच होता."

गेल्या महिन्यात तुळजापूरला गेले होते तेव्हा त्यांच्या घरी गेले. मार्तंडराव आता चुलतभावाच्या पूजासाहित्याच्या दुकानात बसतात. केस एकदम पांढरे झालेत. मला बघून "या ताई" म्हणाले, बसायला खुर्ची दिली, पाऊसपाण्याचं विचारलं. मी त्या दिवशी ठरवून गेले होते. म्हणाले, "मार्तंडराव, त्या बुधवारी मी तुम्हाला नको म्हणाले नसते तर..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "हात माझा होता, ताई," म्हणाले आणि दुकानाची वेळ झाली म्हणून चपला घालून निघून गेले. दुकान उघडायला अजून दीड तास होता, हे चारुशीलाताईंनी मला मागाहून सांगितलं.

अक्षरा घरीच होती. तिनं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलाय. बापानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चारुशीलाताई स्वयंपाकघरात माझ्यासाठी पोहे करत हळू आवाजात म्हणाल्या, "परवा तिला नेटवर्कमधलं काहीतरी अडलं. वही घेऊन यांच्याजवळ गेली. लहानपणी किती समजावून सांगायचे तिला, तुम्हाला ठाऊकच आहे. यांनी वही हातात घेतली, पान बघितलं. वही तिच्या हातात परत दिली आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. त्या दिवसापासून ती यांना काहीच विचारत नाही."

मी पोह्यांची बशी तशीच ठेवली आणि भूमच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले.